सोलो टूरचा पहिलाच दिवस पुणे–महाबळेश्वर: सामान लादून पसरणी घाट जमेल का?

पेडल_कोथरूड

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून गोव्याला सायकलनं एकटी निघतेय. हाताशी सात दिवस आहेत, त्यातला एक गणपतीपुळ्याला विश्रांतीचा धरलाय. पहिला दिवस कात्रजचा जुना घाट, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर असा साधारण १२० किमी. दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटानं पोलादपूर आणि तसंच पुढे चिपळूण.

सायकल स्टीलची हायब्रिड, ७००×३२ टायर, पुढे ५०/३४ दात्यांच्या चकत्या, मागे ११–३२ दात्यांची ८ स्पीड कॅसेट (चकत्यांचा संच), मेकॅनिकल डिस्क ब्रेक, मागच्या चाकाला ३२ स्पोक. सामान मागच्या कॅरिअरला दोन पॅनिअरमध्ये (बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या), १५ किलो. माझं वजन ६५, सायकल १३, पाणी २. म्हणजे चढावर एकूण ९५ किलो. सामानाशिवाय १०० किमीच्या राइड नियमित होतात, सिंहगडही चढते. पण लादलेल्या सायकलवर ८८ किमी झाल्यानंतर वाई–पाचगणीमधला पसरणी कसा जाईल याचा अंदाज येत नाहीये. गिअर बदलू का, सामान कमी करू, की दिवसच तोडू?

---

घाटमाथा_३४

आधी आकडे मांडू, मग गिअरचं ठरवा. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १२९० च्या आसपास, आणि मधला रस्ता १२ किमीचा. म्हणजे सरासरी चढ ५ टक्क्यांच्या जवळपास. काही वळणांवर तो आतल्या बाजूला जास्त तिरका होतो, तिथे बाहेरून घ्यायचं, पण मागून गाडी येत नाही हे पाहूनच.

तुमचा सर्वात हलका गिअर ३४/३२, म्हणजे पुढे ३४ आणि मागे ३२ दाते. ३२ च्या टायरचा घेर २.१५ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.३ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे धरले तर ताशी सव्वाआठ किमी. ९५ किलो घेऊन ५ टक्के चढावर हा वेग ठेवायला १३० वॉटच्या आसपास ताकद लागते. सिंहगड चढणाऱ्या माणसाला हे ताज्या पायांनी दीड तास जमतं. अडचण येते ती चढ ८ टक्क्यांचा होतो तिथे, कारण तोच गिअर, तेच ६० फेरे, पण मागणी १९० वॉटवर जाते. ती देता येत नाही म्हणून फेरे ४५ वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर पडतो. दुसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी समोरून दुखू लागते ती याच तुकड्यांमुळे.

मागे ११–३४ ची कॅसेट टाकली तर फरक जेमतेम ६ टक्के. डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ झेपतो की नाही ते त्याच्या मॉडेलवरून आधी बघा, चेनही दोन कड्यांनी लांब लागू शकते. एवढा खटाटोप करायचाच तर पुढच्या बाजूला करा. ४६/३० क्रँकसेट (पेडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) बसली तर ३०/३२ वर तेच ६० फेरे ताशी सव्वासात किमीवर येतात, म्हणजे १२ टक्के दिलासा. मात्र बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) जुळायला हवा, आणि पुढचा डिरेलर खाली सरकवून पुन्हा सेट करावा लागतो. हे काम निघायच्या आदल्या आठवड्यात करू नका. नव्या चेनरिंगवर (पुढच्या चकतीवर) जुनी घासलेली चेन भार आला की उड्या मारते, आणि तो भार पहिल्यांदा येतो तो घाटातच.

सामानाबद्दल: १५ चे १० किलो केलेत तर एकूण वजन ५ टक्क्यांनी उतरतं आणि पसरणीत चार-पाच मिनिटं वाचतात. घाटासाठी हा फरक मोठा नाही. मागच्या चाकासाठी मात्र मोठा आहे, म्हणून कमी कराच.

---

सुरूर_फाटा

गिअर ठीक आहेत, पण हा दिवस बिघडतो तो घड्याळामुळे. चढ बहुतेकांना जमतो, तो दुपारी साडेतीनला सुरू करणं जमत नाही.

डिसेंबरच्या मध्याला पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. पहाटे ६ ला पुढचा-मागचा दिवा लावून निघालात तर कात्रजच्या जुन्या बोगद्यापर्यंत उजाडायला लागतं. बोगद्यात रस्ता ओला आणि अंधारा असू शकतो, दिवे चालूच ठेवा. बायपासच्या नव्या बोगद्यानं जाऊ नका. तिथे ट्रक वेगात असतात आणि सायकलला सरकायला जागा नसते. शिंदेवाडीला महामार्गाला लागलात की शिरवळपर्यंत, म्हणजे साधारण पन्नासाव्या किमीपर्यंत, रस्ता हलका आहे आणि इथेच चूक होते. पाय ताजे, शोल्डर (रस्त्याकडेची पट्टी) रुंद, उतार सोबतीला. माणूस २५ च्या वेगानं पळतो आणि वाचवलेली वीस मिनिटं संध्याकाळी दामदुपटीनं फेडतो. बोलताना धाप लागणार नाही इतक्याच जोरानं चालवा.

शिरवळ सव्वानऊ, अर्धा तास नाश्ता. खंबाटकीला पुण्याकडून जाताना जुन्या घाटरस्त्यानं चढा, जुना बोगदा साताऱ्याकडून येणाऱ्यांसाठी. घाटात दोन ट्रक एकमेकांना ओलांडत असतील तर डावीकडे उतरून उभ्या राहा, ते निघून जाऊ दे. सुरूर फाट्यावर उजवीकडे वळलात की वर्दळ उतरते आणि सव्वाबाराला वाई येते.

आता खरा निर्णय. वाईतून दुपारी २ च्या आत घाटाला लागलात तर सुट्या धरून ४ ला पाचगणी, तिथून १९ किमी चढउतार करत पावणेसहाला महाबळेश्वर. म्हणजे उजेड संपायला पंधरा मिनिटं उरतात आणि हातात काहीच शिल्लक नसते. म्हणून हे दोन काटे घरीच कागदावर लिहून हँडलबार बॅगेत ठेवा: वाई सोडायची वेळ २, पाचगणी सोडायची वेळ सव्वाचार. काटा चुकला की तिथेच मुक्काम. दमलेलं डोकं घाटाच्या पायथ्याशी नेहमी आशावादी हिशोब करतं, त्यामुळे तो हिशोब तिथे करायचाच नाही.

अंधारात पाचगणी–महाबळेश्वर नकोच. वेण्णा लेकच्या अलीकडे पर्यटकांच्या गाड्या, घोडे, पार्किंग शोधणारे यांची गर्दी असते आणि समोरच्या हेडलाइटमध्ये रस्त्याची कड दिसत नाही. शनिवार-रविवार टाळा. तुमचा दुसरा आठवडा ठीक आहे, नाताळनंतर या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

---

भोर_मार्गे

वरच्या हिशोबात एक पर्याय राहिला: पहिल्या दिवशी वाईलाच थांबायचं.

वाईपर्यंत ८८ किमी होतात, दुपारी एकच्या आत पोहोचता, कृष्णेच्या घाटावर पाय बुडवून बसता येतं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला पसरणी सुरू केला की गार हवा, रिकामा रस्ता आणि ताजे पाय. साडेआठला पाचगणी, साडेदहा-अकराला महाबळेश्वर, जेवून बारा-साडेबाराला आंबेनळी उतरायला लागायचं, तीनच्या आत पोलादपूर. दिवस ७२ किमीचा होतो. चिपळूण तिसऱ्या दिवसावर जातं, त्याच्या बदल्यात गणपतीपुळ्याची सुटी जाते. मी सुटीच सोडेन. टूरचा पहिला दिवस अंग मोडून घेतलं तर पुढचे तीन दिवस ते भरून येत नाही, कारण कोकणातला रस्ता सपाट नाही. एक खाडी संपली की डोंगर, डोंगर संपला की खाडी.

भोर–मांढरदेवीमार्गे वाई गाठायचा सल्ला कुणी देईल. वर्दळ कमी आहे खरी, पण मांढरदेवीचा चढ पसरणीपेक्षा कडक आहे. १५ किलो लादून पहिल्या दिवशी नको.

---

पेडल_कोथरूड

वाईचा मुक्काम पटला, गणपतीपुळ्याची सुटी रद्द. क्रँकसेटला हात लावत नाही, सामान ११ किलोवर आणते.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या होत्या. लांब राइडमध्ये पाच-सहा तासांनंतर मळमळतं आणि काही खावंसं वाटत नाही, त्याचं काय करायचं? आणि मागचा स्पोक वाटेत तुटला तर एकटीनं काय करायचं? पंक्चर काढता येतं, चाकाचं काम कधी केलेलं नाही.

---

मीठ_साखर_पाणी

पाच तासांनी येणाऱ्या मळमळीची कारणं सहसा पहिल्या दोन तासांत असतात. भूक नाही म्हणून खाल्लेलं नसतं, मग एकदम भरपूर खाल्लं जातं, आणि तोवर रक्त पायांकडे वळलेलं असल्यानं पोट ते पुढे ढकलत नाही.

तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या तासापासून. एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास मिळतात, ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ७५. म्हणजे तासाला एक केळं आणि चार-पाच बिस्किटं, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं, सायकलवरच. गुळाची चिक्की, खजूर, साध्या पोळीत गूळ-तूप गुंडाळून केलेले रोल हे हँडलबार बॅगेत नीट राहतात. शिरवळला पोहे, इडली, उपमा चालेल; महामार्गावरची तर्रीदार मिसळ आणि बटाटेवडे नको, तेल पोटात तासन्‌तास रेंगाळतं. वाईत मुक्काम असेल तर तिथे पोटभर जेवा. घाट त्याच दिवशी चढायचा असता तर अर्धं ताट दही-भात आणि पाऊण तास बूड टेकून बसणं, इतकंच सांगितलं असतं.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी पीत राहिलात तर रक्तातलं सोडिअम पातळ होतं, आणि त्याची सुरुवातही मळमळ आणि डोकेदुखीनंच होते. मग माणूस आणखी पाणी पितो, म्हणजे उलट दिशेनं जातो. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, एकीत ओआरएस. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवा. पाऊण लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी ओतणं ही फार नेहमीची चूक आहे. घट्ट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढतं आणि पोट बिघडतं. पुडी संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ त्याहून जास्त नको.

मळमळ सुरू झालीच तर वेग निम्म्यावर आणा किंवा सावलीत थांबा, मानेवर ओला रुमाल, दोन-दोन घोट ओआरएस, वीस मिनिटं घन काही नाही. उन्हात अंगावर काटा येणं, घाम थांबणं, पंधरा मिनिटं बसूनही छाती धडधडत राहणं यापैकी काही दिसलं तर त्या दिवशीची सायकल तिथेच संपली असं समजायचं आणि मदत मागायची.

---

आउट_काढणारा

स्पोकबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्या सेटअपमध्ये सर्वात आधी जाण्यासारखी गोष्ट तीच आहे. ३२ स्पोकचं मागचं चाक, त्यावर स्वाराचं वजन आणि वर दोन पॅनिअर.

स्पोक सहसा हबजवळच्या वाकलेल्या कोपरात तुटतो. वजनानं तो एका झटक्यात तुटत नाही. ढिला असलेला स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात सैल होतो, ताणतो, पुन्हा सैल होतो, आणि त्या वाकण्यानं धातू थकतो. म्हणून इलाज निघण्याआधीच करायचा. मेकॅनिककडून मागच्या चाकाचा नुसता आउट (चाकाचं डोलणं) न काढता सगळ्या स्पोकचा ताण एकसारखा करून घ्या. कारखान्यातून आलेल्या चाकांत तो बहुतेकदा नसतो. मग एकाच बाजूचे शेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत धरून जोरात आवळायचे, पूर्ण चाकभर, आणि पुन्हा आउट तपासायचा. एका बाजूच्या स्पोकवर नखानं टिचकी मारत गेलात की सूर सारखा यायला हवा. एखादा भसका वाजला तर तो ढिला.

सोबत घ्यायचं ते असं: कॅसेटच्या बाजूच्या लांबीचे तीन आणि डाव्या बाजूचा एक स्पोक, निप्पलसह (स्पोक रिमला धरणारं छोटं नट). दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असते, मोजूनच घ्या आणि फ्रेमच्या नळीला टेपनं चिकटवा. निप्पलच्या मापाची स्पोक की. कॅसेट काढायचा छोटा लॉकरिंग टूल. वाटेतल्या गॅरेजमध्ये मोठा पाना मिळतो, पण हा टूल बहुतेक ठिकाणी मिळत नाही, आणि उजवीकडचा स्पोक कॅसेट उतरवल्याशिवाय आत जात नाही. कॅसेट धरायला चेन व्हिप लागतो. तो नसेल तर जुन्या चेनचा फूटभर तुकडा पट्टीला बांधून काम भागतं.

रस्त्यावर तुटला तर घाबरू नका. 'टण्‌' असा आवाज येतो आणि चाक डोलायला लागतं. थांबा, तुटलेला तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळून टेपनं बांधा, नाहीतर तो डिरेलरमध्ये अडकतो आणि मग हँगरच (डिरेलर धरणारा फ्रेमचा भाग) वाकतो. उजवा स्पोक गेला असेल तर रिम डावीकडे झुकते. त्या जागेच्या दोन्ही अंगांना असलेले डावीकडचे स्पोक अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम पुरेशी मध्ये येते. डिस्क ब्रेक असल्यानं रिम थोडी हलली तरी ब्रेक घासत नाही, ही तुमच्या सायकलची मोठी सोय आहे. टायर फ्रेमला लागत नाही इतकं बघायचं. पॅनिअरमधलं जड सामान पाठीवरच्या पिशवीत घ्या, खड्ड्यात सीटवरून उठा, आणि पुढच्या मोठ्या गावापर्यंत हळू जा. तसेच ३०–४० किमी निघतात. दुसरा स्पोक तुटला तर मात्र चालवू नका.

कॅरिअरचे चार एम-५ बोल्ट रोज सकाळी ४ च्या ॲलन कीनं तपासा. थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावून बसवा, दोन जादा बोल्ट आणि मूठभर झिप टाय ठेवा. एक बोल्ट गळाला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो फ्रेमच्या आटेतच तुटून बसतो, मग वाटेत दुरुस्ती नाही.

पंक्चर काढता येतं म्हणालात, तरी महामार्गाच्या शोल्डरविषयी एक गोष्ट. फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक पोलादी तारा तिथे पसरलेल्या असतात. केसाएवढ्या असतात, बोटाला लागत नाहीत, टायरमध्ये राहून जातात आणि नवी ट्यूबही पंधरा मिनिटांत पंक्चर होते. टायरच्या आतून कापूस किंवा जुना मोजा फिरवा. तो जिथे अडकतो तिथे तार, ती चिमट्यानं ओढायची. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर मात्र काटा शोधू नका, ती हवा कमी असल्याची खूण. तुमच्या वजनाला ३२ च्या टायरमध्ये मागे ७५ आणि पुढे ६० पीएसआय ठीक. व्हॉल्व प्रेस्टा (बारीक तोंडाचा) असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. त्याशिवाय गॅरेजची हवा भरता येत नाही.

---

उतार_सांभाळून

सगळे चढाबद्दल बोलतायत, मला काळजी आंबेनळीची वाटते.

महाबळेश्वर ते पोलादपूर ४० किमीत १२०० मीटरच्या आसपास उतार. सामान कमी करूनही उरलेले ९१ किलो तेवढं खाली आणताना सुमारे ११ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. साडेतीन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी ती आहे. काही हवेच्या विरोधात जाते, उरलेली दोन पातळ डिस्कमध्ये. जितक्या हळू आणि सतत ब्रेक दाबून उतराल तितका हवेचा वाटा कमी आणि डिस्कचा जास्त. रेझिनचे पॅड अशा तापानं चकचकीत होतात, आणि मग लिव्हर दाबूनही सायकल थांबत नाही.

म्हणून सरळ तुकड्यात सायकल ताशी ३० पर्यंत सोडा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक तीन-चार सेकंद ठाम दाबा, वळणात सोडा. दर पाच-सहा किमीला दोन-तीन मिनिटं थांबा. डिस्कला बोट लावू नका आणि गार करायला पाणी तर अजिबात ओतू नका, ती वाकते.

मेकॅनिकल डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, आतला स्थिर असतो. घासून तो मागे गेला की बाहेरचा पॅड डिस्कला वाकवून त्याच्यापर्यंत नेतो आणि लिव्हर खोल जाते. महाबळेश्वर सोडण्याआधी आतल्या बाजूचा स्क्रू फिरवून पॅड डिस्कच्या अगदी जवळ आणा, इतका की चाक फिरेल पण जवळजवळ घासेल. पॅडचं मटेरिअल १ मिमीपेक्षा कमी असेल तर वाईतच नवे घाला. एक जोडी पुण्याहूनच घेऊन निघा, तुमच्या कॅलिपरचे पॅड वाटेत मिळतील असं धरू नका.

२०२१ च्या जुलैतल्या दरडींनी हा घाट ठिकठिकाणी खचला होता. तेव्हा वळणापलीकडे खडी असेल असं धरूनच चालवा. चढून घामेजलेला शर्ट उतरण्याआधी बदला आणि वर विंडचीटर घाला. बोटं गारठली की ब्रेक उशिरा लागतो.

---

भोर_मार्गे

आंबेनळीत मोबाइलला रेंज तुटक असते. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि घरी एका माणसाला शिरवळ, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, पोलादपूर या पाच ठिकाणांहून मेसेज करायचं ठरवा. त्यासोबत हेही ठरवा की पोलादपूरचा मेसेज ठरल्या वेळेनंतर दोन तासांत आला नाही तर त्यानं काय करायचं. नुसतं लाइव्ह लोकेशन पुरत नाही. ठिपका थांबला तर फोन बंद पडला की माणूस पडला हे घरच्यांना कळत नाही. महामार्गावर मदतीसाठी १०३३, बाकी कुठेही ११२. रक्तगट आणि घरचा नंबर कागदावर लिहून हेल्मेटच्या आत चिकटवा.

कुत्रं मागे लागलं तर चढावर पळायचा प्रयत्न नको. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे व्हा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची, टूर नंतर.

---

पेडल_कोथरूड

पॅड आणि स्पोक उद्याच मोजून घेते. चाकाचा ताण करून घेतला की दोन्ही पॅनिअर भरून एकदा कात्रजचा जुना घाट चढून-उतरून बघते. नंतर बोल्ट आणि स्पोकचा सूर कसा आहे ते इथे लिहीन.

---

आउट_काढणारा

एकदा नको, किमान १०० किमी होऊ द्या. नवीन ताण दिलेले स्पोक पहिल्या शंभरात थोडे बसतात, त्यानंतर पुन्हा एकदा की फिरवावी लागते. निघण्याच्या दहा दिवस आधी हे झालेलं असू द्या.